झडपांवरच्या चिठ्ठ्या

कोबेच्या गोदीत पाणबुडी बांधली जात होती तेव्हा
सवांगही तिथंच, तिच्याइतकाच कोरा.
प्रत्येक झडपेचं नाव जपानीत पाठ केलं त्यानं,
मग घरी येताना, फॉर्मोसाच्या पुढे कुठंतरी,
वर थाई चिठ्ठ्या डकवल्या, भाताच्या खळीनं.
दमट हवेत त्या गळायच्या. पुन्हा डकवायच्या.

सात वर्षं. आखातात गस्त,
बुडी, वर येणं, बुडी.
टॉर्पेडो सोडला नाही एकही, म्हणजे
खऱ्या जहाजावर नाही.
बॅटरीच्या ॲसिडनं सदऱ्याला पडलेली भोकं
बायको मोजायची: "एवढंच का तुझं युद्ध?"

मग बँकॉकच्या वीजघरावर बॉम्ब पडले.
हुकूम आला: धक्क्याला लावा तिला,
इंजिनं चालू ठेवा, तारा शहराकडे सोडा.
कप्तान बराच वेळ काही बोलला नाही.
जिला दबा धरायला शिकवलं
ती नदीकाठी उघड्यावर धापा टाकत उभी,
दावणीच्या म्हशीसारखी.

रात्रपाळी संपवून सवांग ट्राममध्ये चढला.
"ही वीज माझी आहे," म्हणाला.
"असेल," कंडक्टर म्हणाला, "तिकीट कंपनीचं आहे."
त्यानं खिसा चाचपला.
खिशालाही भोक.

भंगारवाल्यानं तिला वजनावर घेतली त्या दिवशी
तो आत उतरला, शेवटचं.
एका झडपेवर चिठ्ठी अजून टिकून होती:
'विचारल्याशिवाय उघडू नये.'
कितीतरी वेळ बघत राहिला.
अक्षर त्याचं नव्हतं.