जाळीबाहेर

ऐरोली, सेक्टर आठ. टर्फवर सकाळचे सात.
जुईली साडेतीन वर्षांची, मोजे गुडघ्यांच्या वर.
माझं बोट सोडत नाही
की मीच तिचं, कोण जाणे.

कोच म्हणाले, बाबा, तुम्ही जाळीबाहेर.

बाकीची पोरं बॉलमागे.
ही उकिडवी बसून
हिरव्या प्लास्टिकच्या गवतातले
काळे रबरी दाणे वेचतेय.
"अगं, किक मार!" ओठांपर्यंत आलं.
बाटलीचं झाकण
उघडलं, लावलं,
पुन्हा उघडलं.

पाऊण तासाने धावत आली.
गोल किती, हे गिळलं मी.
मूठ उघडली तिने:
"मोहरी आणलीय, फोडणीला."

घरी बूट उपडे केले
तर लादीवर आणखी वाटीभर.
बॉलचं
पुढच्या शनिवारी बघू.