गाठींचा काटा

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
टॉवेलच्या गाठी मोजायच्या काट्यावर
मी दर सोमवारी चप्पल काढून उभा राहतो.
काटा माणसांसाठी नाही.
मागे पाटी आहे : गाठ सरळ ठेवावी.
मी सरळ राहतो.
एकाहत्तर पाचशे.
गेल्या सोमवारी बाहत्तर शंभर.
मधले सहाशे ग्रॅम म्हणजे
आमच्याकडचा एक बरा टॉवेल, अंघोळीचा, निर्यातीचा.

डिस्पॅचच्या वहीत, मागच्या पानावर :
ज्वारीची भाकरी दीड.
मटकी एक वाटी. ताक, मीठ घालून.
शेंगाची चटणी दोन चमचे.
(खोडून) तीन.
शेंगाची चटणी चमच्यानं मोजणारा
सोलापुरात मी एकटाच असेन.

गेल्या वर्षी पस्तिशीवरच्या गटात नववा आलो.
तुळजापूरच्या घाटात एक हत्तुरे नावाचा
शिडशिडीत मास्तर
माझ्या शेजारून शीळ घालत गेला.
शीळ!
त्या रात्री हिशेब मांडला :
अंगावरचा एक किलो घाटात किती सेकंद खातो.
तेव्हापासून मीच कमी खातो.

आई दाराशी विड्या वळते.
हजाराचा हिशेब तिला खाली न बघता जमतो,
बघते ती माझ्या ताटाकडे.
‘तिन्नावा?’
जेवलास का, एवढाच अर्थ,
पण आमच्या घरात हा प्रश्न नाही, रामराम आहे.
मी हो म्हणतो.
श्यामला काही म्हणत नाही. कडक भाकरीचा डबा
वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणते फक्त.

शर्यतीच्या सकाळी
अडुसष्ट नऊशे.
पहाटे काळी कॉफी, चार बदाम. चारच.
हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत मी पाखरू होतो.
तामलवाडीला अजून पहिल्या दहांत.
घाट लागला
आणि कुणीतरी आतून दिवा मालवला.
पाय होते. पण ते दुसऱ्या कुणाचे.
मैलाच्या दगडावरची अक्षरं मला जुळवता येईनात,
तुळ, जा, पूर,
थंड घाम, आणि कारण नसताना रडू.

मल्लिनाथ फटफटीवरून मागं येत होता,
गळ्यात दोन जादा चाकं अडकवून.
उतरला, माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं.
‘गाडी हलकी केलास ते बरं केलास.
इंजिनबी काढून घरी ठिवलास का बे?’
खिशातून कागदात गुंडाळलेली शेंगाची पोळी काढली,
चेपलेली, त्याच्या घामानं कोमट.
मी ती मोजली नाही.
तूप, गूळ, थोडी शाई.
दहा मिनिटांनी अक्षरं जुळली. तुळजापूर.
एकतिसावा आलो.

सोमवारी लॅबमध्ये होतो, नमुने द्यायला.
तिथं एक चाचणी असते :
टॉवेलचा तुकडा पाण्यावर ठेवायचा
आणि घड्याळ लावून बघायचं, किती सेकंदांत बुडतो.
खळ राहिलेला, नुसता दिसायला कडक, तो
तरंगत राहतो ऐटीत.
तो नापास.
गजुल मॅडमनी लाल पेनानं फुली मारली,
मी उगाच म्हटलं, मॅडम, हलका तर आहे.
‘हलका आहे हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण पाणी कोण पिणार?’

मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही.
काट्यावर उभा राहिलोच. एकोणसत्तर आठशे,
आणि पोटात जरा गलबललं ते आकडा बघून.
पुढच्या सोमवारीही राहीन.
हत्तुरे मास्तर काय खातो, हेही विचारणार आहे कुणाला तरी.

संध्याकाळी सायकल भिंतीला लावली.
तंबाखूचा वास. कात्रीचा आवाज.
‘तिन्नावा?’
पहिल्यांदाच नाही म्हणालो.
आई मांडीवरचं सूप
खाली ठेवून उठली.
नऊशे चाळीस झाल्या होत्या.