पाठ

लॅटिन शिकवून निवृत्त झालेले एर्मेलिंद सर
दिवाडीच्या धक्क्यावर एक इंग्रजी क्रियापद
माझ्या हातावर ठेवतात:
टर्जिव्हर्सेट.

'तेर्गुम म्हणजे पाठ.
वेर्सारे, फिरवत राहणं. एकदाच नव्हे, सारखं.
म्हणून अर्थ झाला,
धड हो नाही, धड नाही नाही.'

आमच्यात नुसतं पाठ फिरवली म्हणतात,
मी म्हणते, लॅटिन लागत नाही.

सर हसतात.
लिस्बनचा भाऊ दर नाताळाला कळवतो:
घर विकूया. नको. थांब, बघतो.

रायबंदरची फेरीबोट लागते.
दोन्हीकडे तोंडंच, पाठ नाही तिला,
न वळता परत निघते.

मी चढते.
पिशवीतला भावाने सही केलेला करारनामा
आजही
मी सरांना दाखवलेला नाही.