दाराचं अंगण

मी रस्त्यावर रेघा मारतो. बावीस वर्षं झाली.
थेसालोनिकीत जिथे जिथे पांढरं दिसेल
त्यातलं पुष्कळ माझ्या हातचं.
रंग दोनशे अंशांना वितळतो,
ओला असतानाच वर काचेचे मणी भुरभुरायचे,
मग रात्री दिवा पडला की रेघ डोळे उघडते.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात, ती हीच असावी.
तीन वर्षांत पुसते.

सायकलींची वाट करायची ठरली तेव्हा नकाशा आला.
नकाशात झाडाला गोल होता, पेपरच्या टपरीला चौकोन,
आणि वाट त्यांच्यामधून पाण्यासारखी वळलेली.
जागेवर पाणीसुद्धा तसं गेलं नसतं.
कडू संत्र्याच्या बुंध्यापाशी मी टेप धरली,
मुकादमाला म्हटलं, आर्गिरिस, इथून हँडल जाणार नाही.
तो म्हणाला, तू हँडल न्यायला आलायस की रंग लावायला?
मी रंग लावला.

बसथांब्यापाशी वाट संपते.
संपते म्हणजे काय, मी यंत्र बंद करतो,
चाळीस पावलं चालतो, पुन्हा सुरू करतो.
मधल्या चाळीस पावलांत सायकलवाल्याने काय करायचं
हे नकाशात नव्हतं.
उडायचं असेल.

स्तमातिया पहाटे चारला भट्टीवर पोचायची.
तिळाच्या कड्या भाजायची,
ज्या मी रोज खात आलो, तिचं नाव माहीत नसताना.
तिच्या उजव्या हाताला गाड्या ओळीने उभ्या.
एकाने दार उघडलं.
मागे पाहिलं नाही. कोण पाहतं?
मीही व्हॅनचं दार तसंच उघडतो.
गळ्याचं हाड, मनगट, दोन दात.
पोलिसांच्या कागदावर लिहिलंय, ती वाटेच्या आत होती.
जणू आत असण्याचा तिला काही उपयोग झाला.

सात आठवड्यांनी तिथलीच फिकी रेघ मी नव्याने मारत होतो.
ती आली, हात झोळीत.
केवढी रुंद असते ही?
दहा सेंटीमीटर.
आणि जाड?
तीन मिलिमीटर.
तिने बुटाच्या टोकाने रेघ दाबून पाहिली,
पाव आतून शिजलाय का बघावं तशी.
तीन मिलिमीटर, ती म्हणाली, आणि गेली.
भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री काम आटपल्यावर
मी व्हॅन कडेला लावली, बरोबर चौकटीत, नियमाप्रमाणे.
दार सताड उघडलं,
त्याच्या टोकाला खडू बांधला,
आणि सावकाश मिटत आणलं.
रस्त्यावर कंस उमटला.
पलीकडच्या रेघेला एक वीत उरली होती.
एका वितीत कोण मावतं? मांजर.
म्हणजे इतके दिवस वाट म्हणून मी जे रंगवलं
ते दाराचं अंगण होतं.

पुढच्या चौकटीत व्हॅन नेली. मग त्याच्या पुढच्या.
उजाडेपर्यंत तेवीस कंस,
माशाच्या खवल्यांसारखे एकापाठोपाठ,
दूर समुद्राच्या बाजूला गेलेले.
कमरेतून वाकता येईना.

आर्गिरिसने फोटो काढून वर पाठवला.
वरून विचारणा आली, खडू कोणत्या खात्यातून?
दुपारी पाण्याची गाडी आली.

स्तमातिया आता रस्त्याच्या मधून जाते.
मी पाहिली परवा, पाठीला पिठाची पिशवी,
मनगट अजून जरा वाकडं.
मागे टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
काच खाली करून ओरडला,
बाई, तुमच्यासाठी वाट केलीय ना!
आणि बोट दाखवलं
माझ्या रेघेकडे.