गुरुवार मंडळाची नोंदवही

ओउलू, फेब्रुवारी २०००. हजर नऊ.
खिडकीबाहेर उणे सतरा.
कागदगिरणीतून निवृत्त सहा, दंतवैद्य बाई एक,
बस चालवणारी होदान वारसामे,
आणि मी, आउने, चिटणीस;
एकेकाळी टेलिफोन एक्स्चेंजात वायरी जोडणारी.

विषय पहिला सुरू होण्याआधी
तुउरेने नवा फोन टेबलावर ठेवला,
बारशाला बाळ ठेवावं तसा, दोन्ही हातांनी.
"यात इंटरनेट आहे. काय बघायचं?"
हवामान, दंतवैद्य बाई म्हणाल्या.
पडद्यावर जोडणी चालू आहे, चालू आहे.
आम्ही कॉफी प्यालो. दालचिनीचे पाव संपले.
चौथ्या मिनिटाला दोन ओळी उगवल्या:
ओउलू. उणे चौदा.
नऊ माना खिडकीतल्या तापमापकाकडे वळल्या.
कुणी काही बोललं नाही.
आमच्याकडे ही सभ्यता समजतात.

मग ओइवाने फळ्यावर रेघा मारल्या.
"आपली पद्धत अशी: सेकंदाचे तुकडे करायचे.
एकाने बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं.
अमेरिकेतली दुसरी: सगळे एकदम बोलतात,
एकाच हवेत, ज्याची त्याची खूण वेगळी.
तिसऱ्या पिढीत तीच येणार म्हणतात.
तर गावच्या कंपनीचे शेअर विकून
तिकडचे घ्यावेत, असा माझा ठराव."

"सगळे एकदम?" कालेर्वो म्हणाला,
"मग ऐकू कुणाला येणार?"
चाळीस वर्षं लगद्याच्या यंत्रापाशी
त्याचा डावा कान गेलाय.

होदान हसली.
"शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात या.
सहा बायका, चार पोरं, एक रेडिओ.
आतल्या खोलीतून कुणी 'आई' म्हणालं
तर माझं की हलीमोचं, मला कळतं,
हातातला चमचा न थांबवता.
तुम्हाला याच्यासाठी फळा लागतो?"

मी लिहायची थांबले.
बावन्न साल, रात्रपाळी.
दोन माणसं जोडायला मध्ये एक हात लागायचा.
ऐकायचं नाही, असा नियम. ऐकू यायचंच.
एक बाई, स्वीडनला गेलेला तिचा माणूस,
तीन मिनिटांचे पैसे भरलेले,
आणि दोघं नुसते श्वास घेत होते.
चौथं मिनिट मी हिशेबात धरलं नाही.
ते कुठल्या पद्धतीत बसतं, ओइवाला विचारलं नाही.

चर्चा: दक्षिणेकडची सरकारं लहरींचा लिलाव मांडणार,
कोट्यवधींच्या गोष्टी,
आणि तो फोन अजून कुणी पाहिलेला नाही.
बाजारात तुरी.
कालेर्वोच्या मुलाला गावच्या कंपनीत नोकरी आहे,
हेही कुणी बोललं नाही.

मतदान. ठरावाच्या बाजूने चार, विरोधात पाच.
पाचवा हात माझा.
कारण विचारण्याची पद्धत नाही.
इतर विषय: काही नाही.

कुलूप लावून खाली आले
तर होदान बर्फात उभी, फोन कानाला,
हर्गेसाला आईशी, अख्खं पार्किंग ऐकेल असं ओरडत.
भाषा मला येत नाही,
पण "ऐकू येतंय का?" एवढं कुठल्याही भाषेत कळतं.
मी हातमोजे घातले. काढले. पुन्हा घातले.
मग तिचा आवाज एकदम खाली आला, अगदी कुजबुजीइतका,
तेव्हा समजलं, लागला.
मी गाडीकडे वळले. नियम होता.