शून्य केबी

डिस्क मी लोकरीच्या मोज्यात ठेवते.
तारवो हसतो. हसू दे.
त्याच्या वयाला थंडी फक्त बाहेर असते.

नवा लॅपटॉप त्याने हाप्सालूहून आणला, फेरीबोटीने,
मांडीवर धरून, अंड्यांचा ट्रे आणावा तसा.
इतका पातळ, की जुन्या केबलचं तोंड त्यात शिरेना.
पुन्हा फेरी, पुन्हा दुकान,
बोटाएवढा एक अडॅप्टर, अकरा युरो.
तोवर माझे सव्वीस हिवाळे मोज्यात पडून,
पलीकडे घर दिसतंय आणि मध्ये पाणी, असे.

आता जोडलंय. निळा दिवा लुकलुकतो.
आतून टक्, टक्, मग बारीक घरघर.
तारवो दचकतो, "काकू, आवाज येतोय!"
येऊ दे म्हटलं.
किनाऱ्यापासून बेटापर्यंतचा बर्फाचा रस्ता
मी रोज सकाळी मोजायचे.
गिरमिटाने भोक पाडायचं, पट्टी सोडायची,
आकडा वहीत, वहीतून इथे.
बर्फ बोलतोय तोवर गाडी हाकावी.
गप्प झाला, की दार उघडं धरावं.

पडद्यावर: उरलेला वेळ दोन तास.
मग चार मिनिटं.
मग नऊ तास.
आमच्या हवामान खात्यातून निवृत्त झालेलं कुणीतरी
आत बसलेलं दिसतंय.

फोल्डर येतात एकेक.
दोन हजार तीन: बावन्न सेंटिमीटर.
त्या वर्षी एन्देलने ट्रकमधून शाळेचा पियानो आणला,
सीटबेल्ट न लावता. नियमच तसा,
बर्फावर पट्टा बांधायचा नाही,
आणि मध्ये थांबायचं नाही, कुणी हात केला तरी.
हात त्यानेच केला होता.
माझे दोन्ही हात गिरमिटावर.
नंतर तो फिनलंडला गेला, पियानो इथेच आहे,
खालचा एक सूर अजून लागत नाही.

*या नावाची फाईल आधीच आहे.
बदलू, की दोन्ही ठेवू?*
एका फोटोत ट्रक. दुसऱ्यात ट्रक गेल्यावरचा
नुसता पांढरेपणा, आणि कडेला माझा अंगठा.
तारवोचं बोट "बदला"वर.
मी त्याचा हात धरला.
दोन्ही.

मग खाली खाली, नुसती नावं:
जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. शून्य केबी.
शून्य केबी.
"या बिघडल्यात काकू, वगळू?"
नाही रे.
त्या हिवाळ्यांतही मी गेले होते,
खांद्यावर गिरमिट, पायांत खिळ्यांचे बूट.
समोर लाटा. भोक कशात पाडणार?
घरी येऊन फाईल उघडली, तारीख घातली नावात,
आत काही लिहिलं नाही, आणि जपून ठेवली.
रिकामी आहे. बिघडलेली नाही.
तो म्हणाला, "शून्य तरी लिहायचंस."
शून्य मोजावा लागतो, बाळा.
पट्टी कुठेतरी टेकावी लागते.

शेवटी सगळं आलं.
फक्त तारखा बदलल्या.
प्रत्येकीपुढे: निर्मिती, आज, सहा वाजून वीस.
या यंत्राच्या हिशेबी
तो बावन्न सेंटिमीटरचा बर्फ
आत्ता, मी बटाटे सोलत असताना गोठला.
मी खिडकीतून पाहिलंसुद्धा, कबूल करते.
अकरा फेब्रुवारी. काळं पाणी.
फेरीचे दिवे, वेळेवर.

डिस्क परत मोज्यात.
तारवो बूट चढवतो, बंदरापर्यंत गाडीने जाणार,
मी पिशवीत बटाट्याचं थालीपीठासारखं काहीतरी कोंबते
(त्याला आमच्यात दुसरंच नाव आहे)
आणि दारातून ओरडते,
पट्टा बांध रे!
पुढे जमीनच आहे.