कुत्ता

बोअर चारशे वीस फूट. पाइप एकवीस.
मोटर तळाशी जळालेली, आणि सुदामानगरच्या गल्लीत
बादल्यांची रांग आमच्याआधीच येऊन बसलेली.

तात्यांनी घोडी उभी केली,
तीन पाय, वर कप्पी, खाली विंच.
एका पायाखाली तुटकी फरशी सारली.
म्हणाले, वजन आधी जमिनीला विचारायचं,
मग लोखंडाला.

लहान चक्र आठदा फिरतं
तेव्हा मोठं एकदा.
"म्हणजे ताकद वाढते ना, तात्या?"
"ताकद तेवढीच रे. घाई कमी होते."

पहिला पाइप सगळ्यात जड,
त्याच्यामागे वीस लोंबत असतात.
तारेचा दोर करकरला, पिळापिळातून ग्रीस बाहेर आलं,
आणि दर दातावर कुत्ता पडू लागला:
कट्. कट्.
पुस्तकात त्याचं नाव वेगळं असेल,
सियागंजात कुत्ताच म्हणतात.
बोटभर लोखंड. मालकाचा हात सुटला
तरी हा दात सोडत नाही.

"भिया, कितना टाइम?" वरून कोणीतरी.
तात्या मान वर करत नाहीत.
क्लॅम्प आवळतात, पाना लावतात, आटा सुटतो,
पाइपातलं पाणी भसकन पायांवर,
आणि बायका ओरडतात, अहो, बादली तरी लावा!

एकोणीस. वीस.
हँडल आता एका हातानं फिरतं.
शेवटी मोटर आली, गाळानं माखलेली, हातभर.
"एवढीशीच?" कानिटकरांची रेवा म्हणाली.

नवी यायला रात्र झाली.
उतरवताना कुत्ता उचलून बाजूला ठेवावा लागतो.
मग उरतो ब्रेकचा पट्टा,
आणि आपला हात.
चौऱ्याऐंशी साली असंच सोडताना
हँडल उलटं फिरलं होतं.
तात्या अजून कप डाव्या हातानं धरतात.

आज त्यांनी हँडल माझ्याकडे दिलं.
बोलले काहीच नाहीत,
दोराला दोन बोटं लावून उभे राहिले,
नाडी बघतात तशी.

पाइपागणिक भार वाढत गेला.
मी सोडत होतो
आणि सोडत नव्हतो.

चौदाव्याला त्यांनी बोटं काढून घेतली,
खिसे चाचपले,
आणि रेवाच्या आईकडे
काडेपेटी मागितली.